खोटं घुमणं

माझ्या अंगात देव येतो हे मी कुणाच्या दारात सांगत गेले न्हवते. लोकांनीच बघितलं, लोकांनीच पाय धरलं. लग्न होऊन अंथुर्ण्याच्या शिवारात आले, त्याच साली बिरोबाच्या जत्रंत ढोल वाजला आन माझं भान गेलं, असं सासूबाई सांगायच्या. मला काय म्हाईत? मी तवा माझ्याजवळ नसतीच. डोळं उघडलं की केस सुटलेलं, तोंडाला भंडारा, घसा बसलेला, आन बाया माझं नाव घिऊन कुजबुजत असायच्या की सारजानं हिला असं सांगितलं, तिला तसं सांगितलं. आपण काय बोललो ते दुसऱ्याकडनं ऐकायचं, ह्याची बी सवय होती माणसाला. पुढं आमी मेंढरं विकली, ऊस लावला, आमचं मालक ट्रॅक्टरवर कारखान्याला ऊस वाहायला लागलं. मेंढरांसंगं सगळं गेलं, देव तेवढा ऱ्हायला.

रतन माझी थोरली. बारामतीच्या नर्सिंगच्या शाळंत तिचा नंबर लागला तवा मालकांनी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवून आख्खी वस्ती गोळा केली. काय झालं, काय झालं करत माणसं पळत आली तर ह्यो बाबा पेढं वाटतोय. सुट्टीवर आली की पोरगी आमची नाडी धरून बसायची. आज्याला म्हणायची, "आबा, जीब दाखवा." म्हातारा जीब काढून बसायचा, आन ती मुद्दाम त्याला आत घ्या म्हणायची न्हाय. आमी हसून हसून मरायचो.

मग दुसऱ्या वर्साला ते झालं. पंच्याण्णव साल. निवडणूक झालेली, कुणाच्या तरी विजयाची मिरवणूक दवाखान्यावरनं चालली हुती. मिरवणुकीत गजढोल आमच्याच धनगरांचा, बिरोबापुढं वाजतो त्योच. जो सुपारी दील त्याच्यापुढं ते वाजवणार, त्यांचा तरी काय दोष? रतन पुरुषांच्या वॉर्डात इंजेक्शनचा ट्रे घिऊन चाललेली. ढोल खिडकीखाली आला आन ट्रे पडला. काचा फुटल्या, सुया पसरल्या, टोपी एकीकडं, पोरगी एकीकडं. घुमाय लागली. मी तितं न्हवते, पण इतक्या जणांनी सांगितलंय की आता मला डोळ्यापुढं दिसतं.

तेवढ्यावर भागलं असतं तर एक येळ चाललं असतं. तितं सुप्याकडची जयवंता म्हणून एक बाई नवऱ्याच्या उशाशी बसलेली. नवऱ्याच्या पोटात पाणी झालेलं, आन डॉक्टर तिच्या मागं लागलेलं की आजच्या आज पुण्याला न्या. तिचं मन काय ठरंना. पुढ्यात देव आलेला बघितल्यावर तिनं रतनचं पाय धरलं. "देवा, काय करू?" आन माझी लेक बोलली, "घरी ने. माझ्या माळावर ने. उठून बसंल."

जयवंतानं डॉक्टरचं ऐकलं न्हाय. नवऱ्याला जीपमधी घातलं आन घरी, बिरोबाच्या माळावर नेलं. आठवडा निघाला न्हाय, त्यो गेला.

शाळंनं रतनला घरी पाठवलं. मोठ्या बाई हुत्या साळवे मॅडम, त्यांनी सांगितलं, हिच्या हातात मी सुई देऊ शकत न्हाय. आमी पोरीला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं डोक्याला वायरी लावल्या, कागद काढला आन सांगितलं, मेंदू चांगला हाय, फिट बिट काय न्हाय. मग काय हाय, तर म्हणं ते तुमीच बघा. असल्या डॉक्टरला काय म्हणावं!

वाडीवर मातुर सगळं उलटंच. हितं बातमी आली ती अशी, की सारजाचा देव लेकीत उतरला, आन त्यो बी दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखत. माणूस मेला ते कुणी काढीना. बाया रतनच्या पाया पडाय लागल्या. गरवार सुना घिऊन यायच्या, ताई जरा हात ठेवा. मला आतनं बरंच वाटायचं, कशाला लपवू? माझ्या मागं देवाला कोण, ह्याचा घोर मला हुताच. रतन आतल्या खोलीतनं भायेर येत नसायची, आन मी बायांना सांगायचे, जरा दमानं घ्या, नवीन हाय अजून ती.

मग एक दिस जयवंता सोता आली. मला वाटलं शिव्या घालाय आली. मी पदर खोचून दारात हुबी ऱ्हायले, म्हणलं ये, बघती तुला. तर तिच्या हातात नारळ. कपाळ उघडं, ओसरीच्या कडंला बसली आन म्हणाली, "बाई, देवानं सांगितलं तसं मी केलं. माळावर नेलं, तितंच ठिवलं. तरीबी न्हाय उठलं. माझ्याकडनं काय राह्यलं तेवढं ताईला इचारून सांगा. भंडारा लावायचा राह्यला, त्येच्यामुळं झालं का?"

त्या बाईनं नवरा घालवला आन चूक सोताचीच हुडकाय आली. मी तिला च्या केला, नारळ घेतला न्हाय, वाटंला लावली. मागं गोठ्यात गेले तर रतन भिंतीला धरून ओकत हुती. तिनं सगळं ऐकलं हुतं.

त्यानंतर पोरीची दशा बघवंना. लांब कुठं वरातीचा ढोल वाजला तरी कानात बोळं कोंबून कॅनॉलच्या बाजूला पळायची. आमोशाला माझ्याकडं माणसं यायची, तवा ही उसात जाऊन बसायची. वाळली, काळी पडली. मी वरडायचे, "आगं उसात जनावर निघंल, मरशील!" एक दिस मला म्हणाली, "आये, मला शाळंत परत जायचंय."

"आगं पर त्यांनीच काढलंय ना तुला?"

"मी त्यांच्या दारात जाऊन बसती. हितं ऱ्हायले तर ह्या बाया मला देव करून बसवत्यात."

"देव होणं काय वाईट हाय व्हय गं?" माझा तिळपापड झाला. माझ्या तोंडावर माझाच देव नाकारती म्हंजे काय!

ती शांतपणी म्हणाली, "एक माणूस मेलाय, आये. मला कुणाला तरी बरं करायचंय. तुझ्या देवाच्या हातनं न्हाय, माझ्या."

त्या रात्री जेवाण गेलं न्हाय मला. मालकांना सांगितलं तर ते म्हणालं, "पोरगी म्हणती तसं कर. देव काय, मी बी करतो की दिवाबत्ती." त्यांचं असंच हाय, कुठल्या बी गोष्टीचं त्यांना वजनच वाटत न्हाय. पण पोरगी उसात बसलेली मला दिसत हुती. म्हणलं जाऊ.

बारामतीच्या यष्टीत मी तिला पढवत हुते. "हे बघ, त्या बाईला सांगायचं, मीच केलं. परीक्षेला भिऊन केलं, पुन्यांदा करणार न्हाय. पाया पडायचं. मोकळं व्हायचं."

"मी न्हाय खोटं बोलणार."

"काय बिघडतंय?"

"मी मुद्दाम केलं म्हणलं, तर त्या माणसाला मी मुद्दाम घरी पाठवला असं हुतंय. ते मी बोलणार न्हाय, आये. मला खरंच काय आठवत न्हाय."

यष्टीत माणसं हुती म्हणून, न्हायतर मी तिला एक ठिवून दिली असती. हट्टी, बापावर गेलेली. पण खरं सांगायचं तर मला भ्या बी वाटलं. तिचं म्हणणं मला कळत हुतं. मला बी कधी काय आठवलं न्हाय.

साळवे मॅडमची खोली बारकीशी. टेबल, भिंतीवर माणसाच्या हाडांचं चित्र, कोपऱ्यात पाण्याचं मडकं. बाई पन्नाशीच्या, केस पांढरं, नजर अशी की आपल्या साडीचं ठिगळ आपल्यालाच दिसावं. पण त्यांनी आमाला बसाय खुर्च्या दिल्या, तेवढं मी ध्यानात ठिवलं.

"डॉक्टरांनी लिहिलंय आजार नाही," त्या म्हणाल्या. "मग मला सांग रतन, त्या दिवशी काय झालं होतं?"

"आठवत नाही मॅडम. ढोल ऐकू आला तेवढं आठवतं. त्याच्यापुढचं नाही."

"पुन्हा ढोल ऐकू आला तर?"

मी टेबलाखालनं रतनचा पाय दाबला. तिनं पाय काढून घेतला.

"माहीत नाही मॅडम."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठिवला. रागावल्या न्हाईत, उलट त्यांचा आवाज बारीक झाला. "हे बघ बाळा. तू मुद्दाम केलं असतंस तर मी तुला शिक्षा केली असती आणि परत घेतलं असतं. जे माणूस स्वतः करतं ते त्याला सोडता येतं. पण तुला विचारल्याशिवाय येणारं काहीतरी तुझ्यात असेल, तर मी कुणाच्या लेकराला तुझ्या हातात कसं देऊ? तू हुशार आहेस. दुसरं काहीतरी शिक."

रतन उठली. रडली न्हाय, वाद घातला न्हाय. नमस्कार केला. तिचं तोंड असं झालेलं की मला वाटलं ही आता घरी येणार, खोलीत बसणार, आन बाया तिच्या कपाळाला भंडारा लावणार, मरंपतूर. म्या तवर कधी माझ्या लेकीला नीट बघितलंच न्हवतं. माझ्या मागं देवाला कोण, एवढंच बघितलं हुतं.

"बाई, थांबा," मी म्हणलं. "ते सगळं नाटक हाय."

दोघीबी माझ्याकडं बघाय लागल्या.

"माझ्या अंगात येतं, सगळ्या गावाला म्हाईत हाय. खोटं हाय ते. मी करती. लोकं मान देत्यात म्हणून करती. हिनं ल्हानपणापास्नं माझं बघितलं, हिला वाटलं खरंच असतंय. हिचा दोष न्हाय. माझं बघून हिला ते लागलं."

"आये," रतन म्हणाली, "काय बोलतीस तू?"

"गप बस."

साळवे मॅडमनी चष्मा परत घातला. असल्या आया त्यांनी लई बघितल्या असणार. "आई, तुम्ही मुलीसाठी बोलताय. मला कळतंय."

"न्हाय, खरं बोलती."

"नाटक असेल तर कधीही करता येईल ना? मग आत्ता करून दाखवा. इथं."

आता आली का पंचाईत! मी उभ्या जन्मात सोताला घुमताना बघितलेलं न्हाय. कसं दिसतं, हात कुठं जात्यात, आवाज कसा निघतो, मला काय ठावं? देव करायचा, मी न्हाय. आन मी तिकडं वर त्याला म्हणत हुते, बाबा, तुझं नाव घिऊन तुझीच चेष्टा करणार हाय मी, माझ्या पोरीसाठी करती, काय शिक्षा द्यायची ती मला दे, तिला सोड.

आन मला एकदम आठवलं. रतन पाच-सहा वर्साची असताना मेंढरांच्या वाड्यावरची पोरं जमवून आईचं सोंग करायची. बारक्या वेण्या सोडायची, गुडघ्यावर बसायची, कंबरंपास्नं गोल फिरायची आन घशातनं घूं घूं करायची. पोरं पाया पडायची. मी एकदा बघितलं आन तिला चिपाडानं बडवलं हुतं. तेच सोंग डोळ्यापुढं आणलं.

खुर्चीवरनं खाली उतरले. अंबाडा सोडला. गुडघ्यावर बसले, डोळं मिटलं, आन माझ्या पाच वर्साच्या लेकीगत घुमाय लागले. घूं केलं. केस फिरवलं. फरशीवर हात आपटलं. घसा ताणून म्हणलं, "बोल, काय पायजे तुला? बोल लेकरा!" मी वाट बघत हुते की आता येईल, आता त्यो खराखुरा येईल आन मला खाली पाडंल, न्हायतर रागानं माझी वाचा तरी घिऊन जाईल. काय आलं न्हाय. फरशी गार हुती, वर पंखा किरकिरत हुता, आन मी एक म्हातारी व्हाय लागलेली बाई परक्याच्या खोलीत केस सोडून नाचत हुते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली न्हवती. तरीबी थांबले न्हाय. बाई थांब म्हणंपतूर थांबले न्हाय.

"बस," साळवे मॅडम म्हणाल्या. "बस आई, पुरे."

मी डोळं उघडलं, आन बाईंच्या डोळ्यात बघून सरळ म्हणलं, "बगा. च्या पिऊन परत करू का?"

त्यांनी उठून मडक्यातलं पाणी दिलं मला. मी दोन्ही हातांनी केस गोळा करत हुते म्हणून पेला त्यांनीच धरला. बराच येळ माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. त्यांना काय कळलं, काय न्हाय, ते त्यांचं त्यांना म्हाईत. मग रतनला म्हणाल्या, "बघितलंस? जे बघून शिकलं, ते विसरता येतं. पहिल्या वर्षापासून बसायचं. मी सांगेपर्यंत वॉर्डात एकटीनं पाय टाकायचा नाही. आणि बाहेर वाजंत्री वाजली की जिथं असशील तिथून सरळ माझ्याकडं यायचं. कबूल?"

"हो," रतन म्हणाली. पण ती बाईंकडं बघतच न्हवती. ती माझ्याकडं बघत हुती.

कपडं-लत्तं आणायला घरी जायचं म्हणून आमी परत स्टँडवर आलो. मी अंबाडा घातला हुता, पण तो नीट बसला न्हवता. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ सावली हुती तितं हुबं ऱ्हायलो. मला वाटलं पोरगी आता गळ्यात पडंल. म्हणलं, मालकांना सांगू, पेढं आणा.

"आये," रतन म्हणाली, "तू तशीच घुमलीस. हुबेहूब. जत्रंत घुमतीस तशीच."

तिचंच सोंग तिला दाखवलं हुतं मी.

"म्हंजे सगळं खोटं हुतं? आमोशाला लोक यायचे, पाया पडायचे, आबा तुला हात जोडायचे. सगळं?"

खरं सांगते, माझ्या व्हटावर आलं हुतं. आगं न्हाय गं माझे बाय, आजचं तेवढं खोटं, बाकी सगळं खरं. मी कधी कुणाला फसवलं न्हाय. ढोल वाजला की मी नसतीच, तुझ्यासारखीच. पण तसं म्हणलं तर तिचं बी खरं ठरतं. मग ती पांढऱ्या साडीत वॉर्डात हुबी राहणार आन रस्त्यावर ढोल वाजला की तिच्या हातातली सुई कापणार. खोटं असलं तरच ती मोकळी.

"व्हय," मी म्हणलं. "सगळं खोटं."

गाड्यावरचा चरक फिरत हुता. मग तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण ते रागाचं.

"मग त्या जयवंताच्या नवऱ्याला मी न्हाय मारलं. तू मारलंस."

तोंडात पदर धरला. वर बघितलं, कुणीच आलं न्हाय.

"व्हय," मी म्हणलं. "मीच."

"माझ्यासंगं आता घरी येऊ नगंस. मी एकटी जाती, कपडं घिऊन लगोलग माघारी येती. तू मागनं ये."

अंथुर्ण्याची यष्टी लागली, ती चढली. खिडकीत बसली. माझ्या बाजूची खिडकी हुती, पण तिनं मान फिरवली न्हाय. मी पुढच्या गाडीनं गेले, तवर ती घरातनं निघून गेली हुती.

रतन पास झाली. इंदापूरला नोकरीला लागली. गणपतीत दवाखान्याच्या दारात ढोल वाजत असत्यात आन ही आत बाळंतिणीला सलाईन लावत असती, हात जरासुदीक हलत न्हाय, असं तिच्यासंगतीच्या बाया सांगत्यात. सणाला घरी येती. बापाच्या पाया पडती, आज्याच्या फोटूला नमस्कार करती. माझं ब्लडप्रेशर बघती, गोळी येळेवर घे म्हणती, तोंडाकडं बघत न्हाय. मी हात पुढं करून बसती आन ती पट्टा आवळती. तेवढा येळ तिचा हात माझ्या हातावर असतो, म्हणून मी गोळ्या मुद्दाम घेत न्हाय.